रेडिएटरचा पंखा व त्याचा आवाज

गेल्या वैशाखांत आमच्या विज्ञानमंडळापुढें एक गाऱ्हाणें आलें. आठवीच्या वर्गांतील एका विद्यार्थ्याचें घर दोन खोल्यांचें. बाहेरच्या खोलींत त्याचा वडील भाऊ रात्रीं संगणकावर इमारतींचीं चित्रें तयार करण्याचें काम करितो. त्याच मिळकतीवर घराचा बराचसा भार आहे. त्याच खोलींत त्यांचे आजोबा निजतात. संगणक पाण्यानें थंड होणारा. दोन पावसाळे तो निमूटपणें चालला. मग त्याच्या दोन पंख्यांपैकीं एक करकरूं लागला. भावानें दोन्ही पंखे बदलले, आणि बदलतांना ज्यांच्या खोक्यावर हवेचा आंकडा सर्वांत मोठा होता तेच निवडून आणिले. पंखे बसविले त्या दिवसापासून आवाज वाढला, आणि नवल असें कीं यंत्र पूर्वीपेक्षां अधिक तापूं लागलें. आजोबा अंथरूण घेऊन गॅलरींत निजावयास गेले. वैशाखांत तें चालून गेलें. पण मृगाचा पाऊस तोंडावर आला होता. मुलानें आम्हांस विचारलें, "सर, दादानें काम बंद करावें, कीं आजोबांनीं पावसांत निजावें?"

प्रश्न लहान दिसतो, पण त्याचें समाधानकारक उत्तर देण्यांत आमचे तीन शनिवार गेले. त्या तीन शनिवारीं आम्हीं जें पाहिलें व मोजिलें, तें विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडण्याचा हा प्रयत्न आहे. अलीकडे पुष्कळ घरांत असे संगणक येत आहेत. आणि पंखा निवडतांना जी चूक त्या भावाच्या हातून झाली, ती आमच्याही हातून झाली असती हें आधींच कबूल केलेलें बरें.

प्रथम यंत्राची रचना पाहूं. संगणकांत गणिताचें मुख्य काम करणारा जो प्रोसेसर, तो आकारानें लहान, पण भर कामांत दीडशें-दोनशें वॅट वीज सहज खातो. आणि त्या सर्व विजेची अखेर उष्णता होते. ही उष्णता तेथून हालविली नाहीं तर प्रोसेसर आपली गति आपणच कमी करितो, किंवा यंत्र बंद पडतें. म्हणून त्याच्या पाठीवर तांब्याचा एक पोकळ ठोकळा घट्ट बसवितात. लहानशा पंपानें त्या ठोकळ्यांतून पाणी खेळवितात, आणि तापलेलें पाणी रबरी नळ्यांवाटे रेडिएटरांत नेतात. मोटारीच्या तोंडाशीं असणारा रेडिएटर ज्यांनीं पाहिला आहे त्यांस निराळें वर्णन नको. हा त्याचाच धाकटा भाऊ. चपट्या नळ्यांच्या रांगा, दोन रांगांच्या मध्यें नागमोडी दुमडलेला पातळ पत्रा, आणि त्या पत्र्यांच्या फटींतून हवा ढकलणारे एक, दोन किंवा तीन पंखे.

पाणी येथें काय करितें? एक लिटर पाणी एक अंशानें तापविण्यास जेवढी उष्णता लागते, तेवढ्या उष्णतेनें सुमारें साडेतीन हजार लिटर हवा एक अंशानें तापते. तेव्हां पाणी हा मोठा बळकट हमाल आहे, यांत संशय नाहीं. परंतु हमालानें बोजा कितीही उचलला, तरी शेवटीं तो उतरावयाचा खोलींतील हवेंतच. आणि तें काम पंख्याचें. पुष्कळांची अशी समजूत असते कीं पाण्याचा संगणक म्हणजे मुका संगणक. ती खरी नाहीं. पाण्यानें उष्णता प्रोसेसरपासून दूर, ऐसपैस जागीं नेतां येते, एवढेंच.

येथें माठाची आठवण कोणास होईल. माठांतील पाणी खोलीच्या हवेपेक्षांही थंड होतें, कारण तें पाझरून त्याची वाफ होते व जातांना ती वाफ उष्णता घेऊन जाते. रेडिएटरांतील पाणी बंदिस्त असतें. त्याची वाफ होत नाहीं. म्हणून खोलींत ३८ अंश असतील तर कोणत्याही पंख्यानें तें ३८ च्या खालीं येणार नाहीं. हें ध्यानांत न घेतां दर उन्हाळ्यांत नवे पंखे विकत घेणारे लोक आम्हांस ठाऊक आहेत.

आतां त्या भावाच्या पंख्यांविषयीं. ते वाईट नव्हते. टेबलावर मोकळे चालविले तेव्हां समोरच्या वहीचीं पानें फडफडत होतीं. तेच पंखे रेडिएटरवर बसविले आणि दुसऱ्या बाजूस हात धरिला, तर झुळूक जेमतेम लागे. मग आम्हीं एक उदबत्ती पेटवून ती पंख्याच्या आजूबाजूस फिरविली. धूर रेडिएटरांतून पलीकडे जाण्याऐवजीं पंख्याच्या मधल्या बुंध्याजवळून व चौकटीच्या फटींतून उलट आमच्याच अंगावर येत होता. पातीं हवा पुढें लोटीत होतीं, पण पत्र्यांच्या दाट जाळीपुढें तिला वाट न मिळून ती माघारी फिरत होती. आणि या झटापटीचाच तो घोंगावता आवाज होता.

ज्यांच्या घरीं उन्हाळ्यांत खिडकीस वाळ्याचा पडदा लावितात त्यांस हें लवकर उमजेल. उघड्या खिडकींतून जो वारा भरभरून येतो, त्यालाच पडद्यांतून येतांना सायास पडतात; पडदा जितका जाड, तितके अधिक. रेडिएटर हा असाच पडदा होय. कांहीं रेडिएटरांत दर इंचास आठ-दहा पत्रे असतात, तर कांहींत वीसाहूनही अधिक. विरळ पत्र्यांतून हवा मंदगतीनेंही जाते. दाट पत्र्यांतून जाण्यास मागून रेटा लागतो. ह्या रेट्यास दुकानदार 'स्टॅटिक प्रेशर' म्हणतात. आपण त्यास स्थिर दाब म्हणूं. तो पाण्याच्या मिलिमीटरांत मोजितात.

पाण्याचे मिलिमीटर म्हणजे काय, हें आम्हीं दुसऱ्या शनिवारीं प्रयोगानें पाहिलें. पुठ्ठ्याचें एक खोकें घेऊन त्याच्या तोंडावर पंखा चिकटपट्टीनें हवाबंद बसविला, व खोक्यास एक भोंक पाडून त्यांतून रबरी नळी काढून ती कांचेच्या यू-आकाराच्या नळीस जोडिली. नळींत रंगीत पाणी. पंखा चालूं केला कीं आंतल्या हवेचा दाब वाढून नळीच्या एका बाजूचें पाणी खालीं जातें व दुसऱ्या बाजूचें वर चढतें. दोन्ही पातळ्यांतील उंचीचा फरक हाच त्या पंख्याचा सर्वांत मोठा स्थिर दाब. हा फरक एक-दोन मिलिमीटरांचाच असल्यामुळें प्रथम कोणासच नीट दिसेना. तेव्हां दहावींतील एका मुलीनें नळी उभी न ठेवितां आडवी कलती ठेवण्याची युक्ति सुचविली. दहांस एक असा उतार दिला, कीं उंचीचे दोन मिलिमीटर नळीच्या लांबीवर वीस मिलिमीटर होऊन दिसतात. ही युक्ति नवी नाहीं, तथापि तिला ती आपली आपण सुचली याचें आम्हांस कौतुक वाटलें.

पंख्याच्या खोक्यावर दोन आंकडे असतात: एक हवेचा, दुसरा दाबाचा. दोन्ही खरे असूं शकतात, आणि तरीही दोन्ही मिळून गिऱ्हाइकास फसवूं शकतात. कारण हवेचा आंकडा पंख्यापुढें कांहींही अडथळा नसतांनाचा असतो, आणि दाबाचा आंकडा हवेची वाट पूर्ण बंद असतांनाचा. रेडिएटरवर बसलेला पंखा या दोन टोंकांच्या मध्यें कोठें तरी काम करीत असतो. एकाच कारखान्याचे दोन पंखे उदाहरणार्थ घेऊं. ऑस्ट्रियांतील नॉक्टुआ या कंपनीचा एनएफ-एस१२ए नांवाचा पंखा दर मिनिटास १,२०० फेरे घेतो आणि तासाला १०७.५ घनमीटर हवा देतो. त्याचा दाब १.१९ मिलिमीटर. तिचाच एनएफ-एफ१२ हा पंखा १,५०० फेरे घेऊनही ९३.४ घनमीटरच हवा देतो. पण त्याचा दाब २.६१ मिलिमीटर, म्हणजे पहिल्याच्या दुपटीहून अधिक. (हे आंकडे कंपनीनेंच दिलेले आहेत.) नुसता हवेचा आंकडा पाहणारा मनुष्य पहिला उचलील. संगणकाच्या पेटींत मोकळी हवा खेळविण्यास तो उत्तमच आहे. परंतु दाट रेडिएटरवर दुसराच बरा. पहिल्याचीं पातीं मोकळी हवा लोटण्यासाठीं, तर दुसऱ्याचीं अडथळ्यांतून हवा रेटण्यासाठीं घडविलेलीं आहेत.

दाब देणारा पंखा नजरेनेंही बहुधा ओळखूं येतो. त्याचीं पातीं रुंद असतात, दोन पात्यांमधील मोकळी जागा थोडी असते, आणि पात्यांचीं टोंकें व बाहेरची चौकट यांत अंतर फार कमी ठेविलेलें असतें. त्याच कंपनीनें २०१८ सालीं एनएफ-ए१२×२५ म्हणून जो पंखा बाजारांत आणिला, त्यांत हें अंतर अवघें अर्धा मिलिमीटर आहे. एवढ्या अल्प अंतरांत पातें फिरवावयाचें तर तें उष्णतेनें व वेगानें लांबतां कामा नये. म्हणून त्यासाठीं निराळ्या जातीचें कठीण प्लास्टिक वापरावें लागलें. असे पंखे महाग कां, याचें एक कारण हें होय. सर्वांनीं तेच घ्यावे असें आमचें म्हणणें नाहीं. थोड्या किंमतीचेही चांगले दाबाचे पंखे मिळतात. पात्यांत रंगीबेरंगी दिवे लाविलेले पंखे मात्र निव्वळ दिव्यांसाठीं घेऊं नयेत. दिव्यानें पाणी थंड होत नाहीं.

येथवर पंख्याची जात झाली. आतां त्याची गति. आणि आमच्या मतें खरें मर्म येथेंच आहे.

हवा किती लागते याचा हिशोब वहींत मांडून पाहा. दोनशें वॅट उष्णता रेडिएटरांतून बाहेर काढावयाची आहे. मिनिटास १,४०० लिटर हवा जाऊं दिली, तर ती हवा आंत जातांना होती त्यापेक्षां सुमारें सात अंश ऊन होऊन बाहेर पडेल. हवा निम्मी केली, म्हणजे ७०० लिटर, तर ती चौदा अंश ऊन होईल. आणि दुप्पट केली, म्हणजे २,८०० लिटर, तर साडेतीन अंश. सातशेंवरून चौदाशेंवर आलों तेव्हां सात अंशांचा लाभ झाला; पुढची चौदाशें लिटर हवा अधिक घालून केवळ साडेतीन अंश मिळाले. त्यापुढें तर वाढत्या हवेबरोबर लाभ झपाट्यानें घटत जातो. पाणी या हवेपेक्षां आणखी कांहीं अंश ऊन राहील हें खरें, पण हिशोबाची दिशा बदलत नाहीं.

उलट आवाजाचा हिशोब पाहा. पंख्याचे फेरे दुप्पट केले तर हवा दुप्पट होते, दाब चौपट होतो, लागणारी शक्ति आठपट होते, आणि आवाज सुमारें पंधरा डेसिबेलांनीं चढतो. डेसिबेल हें माप तारतम्याचें आहे. दहा डेसिबेल वाढले कीं आपल्या कानास आवाज साधारण दुप्पट वाटतो. म्हणजे उन्हाळ्यांतल्या साडेतीन अंशांसाठीं आपण आवाज दुपटीहून पुष्कळ अधिक विकत घेतों. हा सौदा आंतबट्ट्याचा नव्हे काय?

हाच नियम उलटा वापरतां येतो. एक पंखा १,८०० फेऱ्यांनीं चालविण्याऐवजीं मोठ्या रेडिएटरवर तसेच दोन पंखे ९०० फेऱ्यांनीं चालविले, तर एकूण हवा तितकीच. प्रत्येकाचा आवाज पंधरा डेसिबेल उतरला. दोघांचा मिळून तीन डेसिबेल चढला. निव्वळ नफा बारा डेसिबेलांचा. शिवाय रेडिएटरची जागा दुप्पट झाली, तो लाभ वेगळाच. म्हणून नवा संगणक घेणाऱ्या पालकांस आमची सूचना अशी कीं खर्च करावयाचा तो प्रथम मोठ्या रेडिएटरवर करावा, वेगवान पंख्यावर करूं नये. पेटींत मावत असेल तर १२० मिलिमीटरांच्या पंख्याऐवजीं १४० मिलिमीटरांचा घ्यावा. त्याचें क्षेत्र सव्वापटीहून अधिक, सुमारें १.३६ पट भरतें.

आमच्या विद्यार्थ्याच्या भावाजवळ नव्या रेडिएटरास पैसे नव्हते व त्याच्या पेटींत जागाही नव्हती. त्याला होतें त्यांतच भागवावें लागलें. तें कसें, तें पुढें येईल.

डेसिबेलांचा उल्लेख आला म्हणून सांगतों. आपल्या देशांत २००० सालीं ध्वनिप्रदूषणाचे जे नियम झाले, त्यांत राहत्या वस्तींत रात्रीची मर्यादा ४५ डेसिबेल ठरविली आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें १९९९ सालीं निजण्याच्या खोलींत एकसारख्या आवाजासाठीं ३० डेसिबेल सुचविले. पंख्याच्या खोक्यावर १८, २२ असे आंकडे वाचून कोणास वाटेल, मग चिंता कसली? परंतु ते आंकडे बहुधा अत्यंत शांत अशा खास खोलींत, एकच पंखा मोकळा टांगून, कांहीं अंतरावरून मोजिलेले असतात. सर्व कारखान्यांची मोजण्याची रीतही एक नसते. म्हणून एका कंपनीचे २० आणि दुसरीचे २० यांची तुलना करूं नये; एकाच कंपनीच्या दोन पंख्यांची केली तर चालेल.

आणि सर्व आवाज सारख्याच योग्यतेचे नसतात. पावसाची संथ रिपरिप ऐकत मनुष्य सुखानें झोंपतो, पण डांसाच्या गुणगुणीनें जागा होतो. डांस पावसाहून मोठ्यानें ओरडतो असें कोणी म्हणणार नाहीं. पंख्याचेंही तसेंच. हवेचा सळसळाट कानास लवकर संवयीचा होतो. एकाच सुरांतील गुणगुण होत नाहीं. सात पात्यांचा पंखा मिनिटास १,२०० फेरे घेतो, म्हणजे सेकंदास वीस. एकाच जागेवरून सेकंदास १४० पातीं जातात, आणि त्याच कंपनांचा एक सूर निघतो. अशा पंख्याशेजारीं दुसरा १,२३० फेऱ्यांनीं चालत असेल तर त्याचा सूर साडेएकशें त्रेचाळीसचा. दोन सुरांतील हा साडेतीनांचा फरक सेकंदास साडेतीन वेळां वूं-वूं-वूं असा हेलकावत ऐकूं येतो. ज्यांनीं तंबोरा जुळवितांना जोडाच्या दोन तारा किंचित् बेसूर असतांना ऐकल्या आहेत, त्यांस हा हेलकावा परिचयाचा आहे. तंबोऱ्यांत खुंटी पिळून तो घालवितात. संगणकांत दोन्ही पंख्यांचे फेरे जुळवून, अथवा दोहोंत शें-दोनशें फेऱ्यांचें अंतर पाडून. आजोबांची मुख्य तक्रार याच हेलकाव्याची होती, असें चौकशीअंतीं कळलें. "यंत्र कण्हतें," असा शब्द त्यांनीं वापरिला. तो अगदीं बरोबर होता.

मूळचा पंखा करकरूं लागला त्याचें कारण मात्र निराळें. पंख्याचा आंस ज्यांत फिरतो त्या बेअरिंगाचे तीन प्रकार नेहमीं आढळतात. साध्या नळीवजा बेअरिंगाचा पंखा नवा असतांना फार शांत असतो व स्वस्तही. परंतु त्यांतील तेल उष्णतेनें सुकत जातें, आणि पंखा आडवा, म्हणजे छताकडे तोंड करून बसविला असेल तर तो लवकर झिजतो. गोळ्यांचें बेअरिंग टिकाऊ, पण त्याची बारीक खरखर प्रथमपासूनच असते. तिसऱ्या प्रकारांत तेलाचा पातळ थर फिरत्या आंसाभोंवतीं दाबानें टिकून राहतो. हा शांतही असतो व टिकतोही. रेडिएटरचा पंखा सदोदित ऊन हवेच्या संगतींत असतो आणि पुष्कळदां छताखालीं आडवा बसविलेला असतो. म्हणून तिसऱ्या प्रकारासाठीं थोडे अधिक पैसे द्यावे लागले तरी द्यावेत.

तारांकडेही पाहावें. तीन तारांचा पंखा विजेचा दाब कमी करून मंद करितां येतो, पण फार मंद केला कीं अडखळतो किंवा बंद पडतो. चार तारांच्या पंख्यास चौथ्या तारेवरून गतीचा संदेश मिळतो. हा संदेश सेकंदास सुमारें २५,००० वेळां चालूं-बंद होणारा असतो, आणि मनुष्याचा कान २०,००० च्या पलीकडील सूर ऐकत नाहीं. म्हणून त्याची गुणगुण आपणांस लागत नाहीं. चार तारांचाच पंखा घ्यावा.

आतां तिसऱ्या शनिवारीं त्या घरीं जाऊन आम्हीं काय केलें तें सांगतों. भावानें मित्राकडून दाबाच्या जातीचे दोन पंखे उसने आणिले होते. जास्तींत जास्त १,५०० फेऱ्यांचे. ते बसविण्यापूर्वीं पंख्याची चौकट व रेडिएटर यांमधील फटींत मऊ फोमची पट्टी घातली, कारण त्या फटींतून निसटलेली हवा आवाज करिते आणि काम करीत नाहीं. रेडिएटरच्या पत्र्यांत दोन वर्षांची धूळ कापसासारखी बसली होती; ती मऊ ब्रशानें काढिली. (धूळ हवेच्या झोतानें उडवावयाची झाल्यास पंख्याचें पातें बोटानें धरून ठेवावें, मोकळें सोडिल्यास तें भलत्या वेगानें फिरून बेअरिंग बिघडतें. आणि हें काम अर्थातच वीज बंद करून करावें.) पंखे हवा रेडिएटरांत ढकलतील असे बसविले. पंखा पलीकडून हवा ओढून घेईल असा लाविला तरी थंडावा जवळजवळ तेवढाच मिळतो. परंतु पत्र्यांतून तुटक होऊन आलेली हवा थेट पात्यांवर येते, आणि कित्येक पंखे अशा वेळीं अधिक गुणगुणतात.

एवढें करूनही मधूनच गुळगुळ असा आवाज येईच. आम्ही पंख्यांस दोष देत बसलों होतों, इतक्यांत तो मुलगाच म्हणाला, "हा पंखा नव्हे सर, हा पंप." आणि तें खरें होतें. यंत्र पुनः मांडतांना रेडिएटर पंपाच्या खालच्या पातळीवर आला होता. बंद नळ्यांत कालांतरानें थोडी हवा सांचतेच, आणि ती सर्वांत उंच जागीं जमते. ती उंच जागा पंप असेल तर पंप हवा घोटूं लागतो. रेडिएटरचा वरचा भाग पंपाहून उंच ठेविला कीं हवा तेथें निमूट बसून राहते. आम्हीं तो तसा वर घेतला आणि गुळगुळ थांबली. पंखा बदलण्यापूर्वीं आवाज खरोखर पंख्याचाच आहे काय, हें पाहावें. त्यासाठीं काम बंद असतांना क्षणभर पंख्यांची तार काढून ऐकावें. बोट घालून पंखा थांबविण्याचा मोह होतो, तो आवरावा.

शेवटचें काम गतीच्या नेमणुकीचें होतें. दुकानदारानें यंत्र असें लावून दिलें होतें, कीं पंख्यांची गति प्रोसेसरच्या उष्णतेवर अवलंबावी. हें वरवर सयुक्तिक दिसतें. परंतु प्रोसेसर क्षणांत वीस अंश तापतो आणि क्षणांत निवतो. म्हणून पंखेही दर घडीस घोंघावत व दबत होते. निजलेल्या मनुष्यास एकसारखा आवाज जितका जाचत नाहीं तितका हा चढउतार जाचतो. पाणी असें चंचल नसतें. अर्धा लिटर पाण्यांत दोनशें वॅट उष्णता ओतली आणि काढून कांहींच घेतली नाहीं, तरी तें एक अंश तापण्यास सुमारें दहा सेकंद लागतात. आणि पंखे फिरत असतां तर कितीतरी अधिक. तेव्हां पंख्यांनीं पाण्याकडे पाहून चालावें, प्रोसेसरकडे पाहून नव्हे. भावाच्या यंत्रांत पाण्याची उष्णता सांगणारी सोय होती. तिजवर पंखे जोडिले. जेथें अशी सोय नसते, तेथें पंख्यांनीं कांहीं सेकंद वाट पाहून मगच वेग बदलावा अशी योजना बहुतेक यंत्रांत करितां येते. तीही नसेल तर सरळ एकच मध्यम गति कायम ठेवावी; तींत थोडा थंडावा गेला तरी चालेल.

पंखे ९०० फेऱ्यांवर स्थिर केले. पंधराशेंवरून नऊशेंवर येणें म्हणजे सुमारें अकरा डेसिबेलांची उतार होय. रात्रीं मोठें चित्र पुरें करितांना पाणी चढतें आणि पंखे बाराशेंपर्यंत जातात. पण हळूहळू जातात, आणि हळूहळू उतरतात. प्रोसेसर भावाला आवडलें असतें त्याहून चार-पांच अंश ऊन राहतो, पण तो त्याच्या मर्यादेच्या पुष्कळ आंत आहे. भावानें प्रथम यास नाखुशी दाखविली. यंत्र जितकें थंड तितकें चांगलें, अशी त्याची श्रद्धा. त्याच्या चित्रांस पूर्वीइतकाच वेळ लागतो असें घड्याळ लावून दाखविलें, तेव्हां त्याचें समाधान झालें. उसने पंखे त्यानें मित्रास पुढच्या महिन्यांत परत केले व तशाच जातीचे आपले घेतले.

आजोबांचें अंथरूण पाऊस पडण्याच्या आदल्या दिवशीं आंत आलें. संगणक चालूं आहे हें त्यांस अजूनही ऐकूं येतें, असें ते म्हणतात. पण तें कण्हणें गेलें.

हवेचा मोठा आंकडा असलेले ते पहिले दोन पंखे भावानें शाळेस दिले. एक आमच्या प्रयोगशाळेच्या खिडकींत मोकळा चालतो, आणि तेथें तो आपलें काम फार उत्तम करितो. दुसरा पुठ्ठ्याच्या खोक्यावर कलत्या नळीसह बसविलेला आहे. आपल्या घरच्या पंख्याचा दाब ज्यांस मोजून पाहावयाचा असेल त्यांनीं शनिवारीं मधल्या सुटींत यावें. पंखा व त्याची तार बरोबर आणावी, कारण शाळेजवळ बारा व्होल्टांची जोडणी एकच आहे.